दुधाच्या दाढेत काय भरायचं? एका प्रश्नाचा इतिहास

तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहिताय. "रिसर्च गॅप सापडत नाही" ही तक्रार मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतेच. म्हणून आज एका जुन्या प्रश्नाचा इतिहास सांगतो. लहान मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढेत काय भरावं, किंवा तिच्यावर कसली टोपी बसवावी, हा तो प्रश्न. यावर शंभराहून जास्त वर्षं संशोधन झालं, नवनवे पदार्थ आले, आणि मग ज्या गोष्टीचा कुणी फारसा विचारच केला नव्हता ती एका साध्या दवाखान्यातून पुढे आली.

आधी माझी बाजू सांगतो. मी दातांचा डॉक्टर नाही. मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आणि आता दात भरायच्या सिमेंटवर पीएचडी करतोय. माझं रोजचं काम म्हणजे ४ मिलिमीटर व्यासाचे आणि ६ मिलिमीटर उंचीचे छोटे सिलिंडर बनवायचे, ३७ अंश तापमानाच्या पाण्यात २४ तास ठेवायचे आणि मशिनखाली दाबून फोडायचे. किती दाबाला फुटला ते लिहायचं, की पुढचा सिलिंडर. एका प्रगती सेमिनारमध्ये मी याचा स्तंभालेख दाखवला. अमाल्गमचा स्तंभ सगळ्यांत उंच, माझ्या सिमेंटचा ठेंगणा, पण आधीच्यापेक्षा जरा वर. मी खूश होतो. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमचा हा सिलिंडर रडतो का? मध्येच तोंड मिटतो का?"

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री झोप आली नाही. मॅडमचा मुद्दा साधा होता: मी ज्या क्रमाने पदार्थ लावले होते, त्याच क्रमाने ते मुलाच्या तोंडात टिकतात याला माझ्याकडे पुरावा काय? पुरावा शोधायला म्हणून मी जुने पेपर काढले आणि त्यातच महिनाभर अडकलो.

दुधाची दाढ म्हणजे मोठ्या दाढेची छोटी प्रत, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तिचं इनॅमल पातळ असतं, आतलं डेंटिनही कमी, आणि दाताच्या आकाराच्या मानाने नस मोठी आणि पृष्ठभागाच्या बरीच जवळ. शेजारच्या दोन दाढा एकमेकींना रुंद, सपाट भागाने टेकलेल्या असतात. तिथे ब्रश पोचत नाही आणि कीड बहुतेक वेळा त्या फटीतच सुरू होते. वरून दाढ धडधाकट दिसते, आत पोखरलेली असते. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुदत. दुसरी दुधाची दाढ साधारण दोन-अडीच वर्षांच्या वयात येते आणि दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडते. म्हणजे चार वर्षांच्या मुलाची दाढ भरली तर ते काम सहा ते आठ वर्षं टिकलं की झालं. "पडणारच आहे ना, मग कशाला?" असं आपल्या घरांत म्हणतात. पण तोवर ती दुखू शकते, पिकू शकते. शिवाय खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा तीच धरून ठेवते.

आता इतिहास. एकोणिसाव्या शतकात दात भरायला पारा आणि चांदीचं मिश्रण, म्हणजे अमाल्गम, रुळलं. आपल्याकडे याला अजूनही "चांदी भरली" असं म्हणतात. अमेरिकेतल्या जी. व्ही. ब्लॅक यांनी या कामाला शिस्त लावली: खड्डा कसा कोरायचा, भिंती कशा ठेवायच्या, कोपरे कसे. अमाल्गम दाताला चिकटत नाही, ते खड्ड्याच्या आकारामुळे अडकून राहतं. त्यामुळे भरण टिकवायचं तर बराचसा निरोगी भागही कोरावा लागे. पुढे तिथे पुन्हा कीड लागू नये म्हणून खड्डा आजूबाजूला वाढवायचा, हाही त्यांचाच नियम. मोठ्या माणसाच्या जाड दाढेला हे झेपतं. दुधाच्या दाढेत मात्र थोडं खोल गेलं की नस, आणि थोडं रुंद गेलं की भिंत पातळ होऊन तुटते.

इथे एक मतभेद आहे आणि तो मला या सगळ्या इतिहासातला कळीचा वाटतो. इंग्लंडमधल्या जॉन टोम्स यांनी १८५९ मध्ये लिहिलं होतं की नस उघडी पडण्याचा धोका असेल, तर तिच्यावरचा रंग बदललेला डेंटिनचा थर तसाच राहू द्यावा. ब्लॅक यांनी १९०८ मध्ये नेमकं उलटं मत दिलं: मऊ पडलेलं डेंटिन मागे ठेवण्यापेक्षा नस उघडी पडलेली बरी. दोघेही मोठे, दोघेही अनुभवी. पण ब्लॅक यांचं मत पाठ्यपुस्तकांत गेलं आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्या "कीड पूर्ण काढायची" हे गृहीत धरून शिकल्या. एकदा ते गृहीत धरलं की संशोधनाला एकच प्रश्न उरतो: साफ केलेल्या खड्ड्यात कोणता पदार्थ भरायचा? माझा स्तंभालेखही त्याच प्रश्नाचा नातू होता, हे मला फार उशिरा कळलं.

त्या एका प्रश्नाची उत्तरं पुढे भराभर आली. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवलं की इनॅमलवर आम्ल लावून ते खरखरीत केलं की राळेसारखा पदार्थ त्याला घट्ट धरतो. १९६२ च्या सुमारास राफेल बोवेन यांनी आजच्या दातरंगी कंपोझिटचा पाया ठरलेला रेझिन तयार केला. लंडनच्या सरकारी रासायनिक प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी काचेची पूड आणि आम्ल यांच्यापासून ग्लास आयोनोमर सिमेंट बनवलं. त्याची माहिती दंतवैद्यांपुढे १९७२ मध्ये आली. (माझं सिमेंट याच घराण्यातलं, त्यामुळे इथे माझा थोडा पक्षपात समजून घ्या.) ते दाताला रासायनिक बंधाने चिकटतं आणि हळूहळू फ्लुओराइड सोडतं. कंपोझिट दिसायला छान, पण लावताना दात पूर्ण कोरडा हवा. चार वर्षांच्या मुलाची जीभ आणि लाळ तुम्ही कधी सांभाळली असेल तर पुढचं सांगायला नको. ग्लास आयोनोमरला ओलावा त्यामानाने चालतो, पण ते ठिसूळ. दोन दाढांच्या फटीतल्या खड्ड्यात भरलं की बरेचदा तुटतं किंवा झिजतं.

टोपीचा इतिहास याला समांतर चालला. १९५० मध्ये अमेरिकेत हम्फ्री यांनी मुलांच्या दाढांसाठी क्रोम-पोलादाच्या तयार टोप्या वापरायची पद्धत मांडली. वेगवेगळ्या मापांच्या टोप्या पेटीत तयार असतात. बसेल ती निवडायची, कड पकडीने आवळायची आणि सिमेंट लावून दाढेवर चढवायची. आपल्याकडे याला सरसकट "कॅप" म्हणतात. सगळी दाढ झाकली गेल्यामुळे पातळ भिंत तुटायची भीती नाही, आणि दाढ पडेपर्यंत टोपी टिकते. लहान मुलांच्या दातांचे तज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले की मोठी कीड असेल तर टोपी फिलिंगपेक्षा जास्त टिकते. तरी ब्रिटनमधल्या नेहमीच्या दवाखान्यांत ती फारशी कुणी बसवत नव्हतं. कारण पद्धत. आधी भुलीचं इंजेक्शन, मग कीड काढायची, मग टोपीला जागा व्हावी म्हणून दाढ चारही बाजूंनी घासायची, मग टोपी बसवून पाहायची. मूल रडतं, डॉक्टर घामाघूम होतात आणि वेळेच्या मानाने पैसे काही मिळत नाहीत.

पदार्थ चांगला आहे, पुरावा आहे, शिफारस आहे, पण वापर नाही. हा सगळा तिढा पदार्थाबाहेरचा आहे, आणि कोणत्याही मशिनखाली तो दिसला नसता.

यातून वाट काढली स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंनी. त्या विद्यापीठात नव्हत्या, ॲबर्डीनच्या साध्या दवाखान्यात पेशंट पाहायच्या. त्यांनी पोलादी टोपी तीच ठेवली आणि बाकीच्या पायऱ्याच गाळल्या. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, दाढ घासणं नाही, कीडही काढायची नाही. योग्य मापाची टोपी घ्यायची, ती ग्लास आयोनोमर सिमेंटने भरायची, दाढेवर ठेवायची आणि बोटाने दाबायची, किंवा मुलालाच सांगायचं, "चाव बरं जोरात." बाहेर आलेलं सिमेंट पुसायचं, संपलं. दोन दाढा फारच चिकटून असतील तर मध्ये काही दिवस आधी रबराची छोटी कडी अडकवतात, म्हणजे थोडी फट पडते. टोपीच्या जाडीमुळे सुरुवातीला दात नीट मिटत नाहीत. काही आठवड्यांत ते आपोआप जुळतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही चक्क फसवणूक वाटली. कीड आत ठेवून वर झाकण? ब्लॅक यांच्या वळणात शिकलेल्या दंतवैद्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा. हॉल बाईंनी मात्र पंधरा वर्षांहून जास्त काळ हे केलं आणि त्यांच्याकडे नोंदी होत्या. डंडी विद्यापीठातल्या निकोला इनेस, दाविथ एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी त्या नोंदी तपासल्या. २००६ च्या त्यांच्या पेपरात हॉल बाईंचंही नाव लेखकांत आहे. ९७८ टोप्यांच्या नोंदींतून असं दिसलं की तीन वर्षं टिकण्याची शक्यता ७३.४ टक्के आणि पाच वर्षांची ६७.६ टक्के. हे आकडे काही चमत्कारी नाहीत. नेहमीच्या उपचारांच्या बरोबरीचे, एवढंच. पण इंजेक्शन आणि ड्रिलशिवाय बरोबरीचे, हे लक्षात घ्या.

इथे थांबून तुम्हाला एक प्रश्न विचारतो. एका डॉक्टरच्या जुन्या नोंदी हा कितपत पुरावा? कदाचित हॉल बाईंचा हात चांगला असेल, कदाचित त्या सोप्याच केसेस निवडत असतील, आणि तुलनेला दुसरा गट तर नाहीच. तुमच्या व्हायवात हे तीन प्रश्न येणारच. डंडीच्या लोकांनाही हे माहीत होतं, म्हणून त्यांनी पुढची पायरी घेतली: टेसाइड भागातले १७ सामान्य दंतवैद्य, १३२ मुलं, आणि प्रत्येक मुलाच्या तोंडात साधारण सारख्याच किडलेल्या दोन दाढा. एका दाढेला हॉल टोपी, दुसरीला त्या डॉक्टरांचं नेहमीचं फिलिंग. कोणतीला काय, हे नशिबावर सोडलेलं. एकाच मुलाच्या तोंडात दोन्ही उपचार असल्यामुळे खाणं, ब्रश करण्याची सवय, लाळ, घरची परिस्थिती असे घटक दोन्ही बाजूंना सारखेच राहतात. ही रचना मला इतकी आवडली की मी ती वहीत चित्र काढून ठेवली आहे.

२००७ मध्ये दोन वर्षांचे निकाल आले. १२४ मुलांची माहिती उपलब्ध होती. नस सुजणं, गळू होणं किंवा दात वाचवता न येणं अशा मोठ्या अपयशांचं प्रमाण नेहमीच्या फिलिंगमध्ये १५ टक्के, हॉल टोपीत २ टक्के. फिलिंग निघणं, झिजणं अशी लहान अपयशं ४६ टक्के विरुद्ध ५ टक्के. ७७ टक्के मुलांनी, ८३ टक्के पालकांनी आणि ८१ टक्के डॉक्टरांनी टोपीला पसंती दिली. २०११ मध्ये पाच वर्षांच्या पाठपुराव्याचा पेपर आला. त्यात ९१ मुलं होती, मोठी अपयशं सुमारे १६.५ टक्के विरुद्ध ३ टक्के. फरक टिकला होता.

यातल्या त्रुटीही पाहून घ्या, नाहीतर अभ्यास अर्धवट राहील. पोलादी टोपी लपत नाही, त्यामुळे तपासणाऱ्याला कोणता उपचार झालाय ते दिसतंच. आणि तुलना आदर्श फिलिंगशी नव्हती; त्या डॉक्टरांच्या रोजच्या फिलिंगशी होती. टीकाकारांनी हा मुद्दा काढला: चांगली भूल देऊन, दाढ कोरडी ठेवून तज्ज्ञाने केलेल्या फिलिंगशी तुलना करा, मग बोला. मला ही टीका अर्धीच पटते. मुलांच्या दाढा बहुतेक करून तज्ज्ञाकडे भरल्या जात नाहीत. प्रश्न रोजच्या दवाखान्याचा असेल तर तुलनाही तिथलीच हवी. पुढे जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड इथल्या चाचणीतही हॉल टोपी नेहमीच्या फिलिंगपेक्षा सरस ठरली.

पण कीड आत ठेवून दाढ टिकते कशी? किडीचे जिवाणू आपण खातो त्या साखरेवर जगतात. कड घट्ट बंद झाली की त्यांचा रसद-पुरवठा तुटतो, आम्ल बनणं थांबतं आणि आतली कीड पुढे सरकत नाही. याची पूर्वसूचना आधीच मिळाली होती. अमेरिकेत मर्ट्झ-फेअरहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी कायमच्या दातांत कीड तशीच ठेवून वरून घट्ट बंद केलेल्या फिलिंगचा दहा वर्षं पाठपुरावा केला. १९९८ मध्ये छापलेल्या निकालात ती कीड थांबलेली दिसली. म्हणजे टोम्स यांच्या १८५९ च्या मताला जवळजवळ दीडशे वर्षांनी आधार मिळाला. टांझानियात १९८० च्या दशकात यो फ्रेंकेन यांनी विजेशिवाय, फक्त हाताच्या अवजारांनी मऊ कीड काढून दात भरायची पद्धत सुरू केली, तीही याच वाटेवरची. तिथे पुढे ग्लास आयोनोमरच उपयोगी पडलं.

हॉल टोपी सगळीकडे चालते असं मात्र समजू नका. रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल, हिरडीवर पुळी असेल, किंवा एक्स-रेमध्ये कीड आणि नस यांच्यात चांगल्या डेंटिनचा पट्टा दिसत नसेल, तर झाकण लावणं म्हणजे आजार कोंडणं. निकेलची ॲलर्जी असलेल्या मुलालाही ही टोपी नको. आणि ती चांदीसारखी चमकते. काही मुलांना ती "रोबोटचा दात" म्हणून आवडते, पालकांना मात्र क्वचितच. म्हणून आता झिर्कोनियाच्या पांढऱ्या टोप्या आल्यात. त्या दिसतात छान, पण पोलादासारख्या लवचीक नसल्यामुळे आवळून बसवता येत नाहीत. टोपीच्या मापाची होईपर्यंत दाढ घासावी लागते. म्हणजे इंजेक्शन आणि ड्रिल मागच्या दाराने परत.

आणि अमाल्गम? त्याची सद्दी संपवली ती वेगळ्याच कारणाने. जपानमधल्या मिनामाता इथल्या पाराविषबाधेच्या नावाने पाऱ्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला, तो २०१७ मध्ये अमलात आला. भारतही त्यात आहे. युरोपीय संघाने जुलै २०१८ पासून दुधाच्या दातांत आणि १५ वर्षांखालील मुलांत अमाल्गम वापरणं बंद केलं, डॉक्टरांना अगदी आवश्यक वाटेल तेवढे अपवाद सोडून. २०२२ मध्ये करारातल्या देशांनीही तशीच तरतूद जोडली. माझ्या आलेखातला सगळ्यांत उंच स्तंभ अशा रीतीने मुलांसाठी बाद झाला, आणि त्यात त्याच्या ताकदीचा काही दोष नव्हता.

गोष्ट इथे संपली असती तर हॉल टोपी जिंकली म्हणून मी मोकळा झालो असतो. पण २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल छापून आले; तिचं संक्षिप्त नाव फिक्शन. ७२ दवाखाने, तीन ते सात वर्षांची ११४४ मुलं, तीन गट. पहिल्या गटात नेहमीसारखी कीड काढून फिलिंग, दुसऱ्यात हॉल टोपीसारखे कीड बंद करणारे उपचार, तिसऱ्यात फिलिंग न करता फक्त प्रतिबंध, म्हणजे ब्रश, फ्लुओराइड, खाण्याबद्दल सल्ला. पहिल्या दोन गटांतही प्रतिबंध होताच. सुमारे पावणेतीन वर्षांच्या पाठपुराव्यात दातदुखी किंवा पू झालेल्या मुलांचं प्रमाण अनुक्रमे ४२, ४० आणि ४५ टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही.

हे वाचून मी खुर्चीत मागे रेललो. टेसाइडच्या चाचणीत एवढा फरक, आणि इथे नाही? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कारण मोजलं वेगवेगळं होतं. टेसाइडमध्ये एकेक दाढ मोजली: ही दाढ टिकली का? फिक्शनमध्ये मूल मोजलं: या मुलाला तीन वर्षांत एकदा तरी दुखलं का, पू झाला का? एका मुलाच्या तोंडात किडलेल्या दाढा अनेक असतात, नव्या किडतात, आणि तुम्ही एक कितीही छान झाकली तरी दुसरी दुखू शकते. तिन्ही गटांत चाळीस टक्क्यांच्या आसपास मुलांना त्रास झाला, याचा अर्थ आजार दाढेपेक्षा मोठा आहे. हे मोजमाप कुणी निवडलं नसतं तर तो दिसलाही नसता.

पुढच्या सेमिनारला मी स्तंभालेख ठेवला, पण शेवटचा. आधी एक नवी स्लाइड घातली: टोपीच्या कडेखाली लाळ शिरली तर माझं सिमेंट किती दिवस बंद राहतं, याची चाचणी. दाब देऊन फोडण्याऐवजी कड गळते का ते बघायचं, तेही सिमेंट घट्ट व्हायच्या आत ओलं झालं तर, कारण मूल तोंड मिटणारच. त्याच परीक्षक मॅडम आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "किती सेकंदांनी ओलं करताय?" मी म्हणालो, "तीस." त्या म्हणाल्या, "दहा करा."

आता दहा करतोय. पहिले सहा नमुने गळले.